दार वाजवू नका, हाक मारा

शिकागोच्या आसपास बर्फात माझ्यासारखी गाडी चालवणारा दुसरा मराठी माणूस तुम्हाला मिळायचा नाही. पहिल्याच हिवाळ्यात मी कंपनीची नवी कोरी व्हॅन आमच्याच ऑफिसच्या पायऱ्यांवर चढवली, आणि मागे बसलेल्या आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, व्हीलचेअरसाठी सोय केलीय.

मंडळाच्या दिवाळी अंकवाल्यांचा फोन आला, "बाळूभाऊ, तुमच्या कामाबद्दल लिहा." मी म्हटलं, अहो, मला नववी इतकी आवडली की मी तिथून पुढे गेलोच नाही, मी काय लिहिणार? तर म्हणाले, फोनमध्ये बोला, आम्ही उतरवून घेतो. तेव्हा हे सगळं बोलणं आहे. चुका सापडल्या तर उतरवणाऱ्याच्या. कुठे काही बरं वाटलं तर तेही त्याचंच असणार.

इस्लामपूरकडे मी टेम्पो चालवायचो. कोंबड्यांचा. माझ्या ताईनं, म्हणजे थोरल्या बहिणीनं, मला इकडे बोलवायचा अर्ज केला तेव्हा माझ्या डोक्यावर भरगच्च केस होते. व्हिसा हातात आला तेव्हा साहेबानं फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. बहीण-भावाच्या अर्जाला इतकी वर्षं लागतात की माणूस अर्ज केलाय हे विसरतो. मी विसरलो होतो. ताई विसरली नव्हती. तिचे उपकार मी या जन्मात फेडत नाही, आणि तीही रोज जेवताना आठवण करून देते, त्यामुळे विसरायचीही सोय नाही.

इकडे आलो तर माझ्याजवळ एकच गुण, गाडी. म्हणून या धंद्यात आलो. धंदा साधा आहे. म्हाताऱ्या, आजारी माणसांना डॉक्टरकडे न्यायचं आणि परत आणायचं. ज्यांच्याकडे सरकारी विमा आहे, किंवा ज्यांच्या विम्याच्या प्लॅनमध्ये बसतं, त्यांना ही गाडी फुकट. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा खरंच वाटेना. म्हणजे पेशंटला दवाखान्यात जायला जमत नाही, तर सरकार दारात गाडी पाठवतं? वर ती गाडी चालवायला मला पगार देतं? आमच्याकडे माणूस टेम्पोत कोंबड्यांच्या मागे बसून दवाखान्यात गेलेला आहे. चालवत मीच होतो.

व्हीलचेअर असली की रॅम्प पाडायचा, खुर्ची आत घ्यायची, चार पट्ट्यांनी जमिनीला आवळायची, मग माणसाला वेगळा पट्टा. खुर्ची बांधली म्हणजे माणूस बांधला असं नाही. हे मला कोणी शिकवायच्या आत एका वळणावर मिस्टर वॉल्टरनी शिकवलं. खुर्ची जागेवर होती, वॉल्टर माझ्या मानेवर.

हे वॉल्टर एकटेच राहायचे. रोज एकच वाक्य, "तू तुझ्या देशात परत जा." एकदा मी म्हटलं, "जातो ना. आधी तुम्हाला पायाच्या डॉक्टरकडे सोडू का?" म्हाताऱ्यानं खरंच विचार केला. म्हणाला, "बरं. आधी डॉक्टर."

मग एक दिवस वॉल्टरचं नाव माझ्या टॅब्लेटवरच्या रोजच्या यादीत आलंच नाही. आमच्या कामातली ही सगळ्यात वाईट गोष्ट. विमा बंद झाला की नाव जातं, आणि माणूस गेला तरी नाव जातं. ड्रायव्हरला दोन्ही सारखंच दिसतं. रविवारी माझी स्वतःची गाडी घेऊन त्यांच्या घरावरून गेलो. वॉल्टर जिवंत. विम्याचं दरवर्षीचं रिन्यूअल राहून गेलं होतं, एवढंच. मला बघून म्हणाले, "गेला नाहीस अजून?" त्यांच्या मुलीनं दोन महिने फोन करकरून विमा सुरू केला तेव्हा नाव परत आलं. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी ते वाक्यही गोड लागलं.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं बोलतोय ती. इथं पेशंटची माहिती बाहेर सांगायची नाही असा कायदा आहे, म्हणून नावं बदलली आहेत. गावही सांगत नाही, नेपरव्हिलच्या पलीकडे कुठेतरी असं समजा. माझं नाव तेवढं खरं आहे, कारण मला कोणी शोधत नाही.

माझ्या सकाळच्या गाडीत दोन माणसं असायची, दोघं डायलिसिसची. किडन्या काम करेनाशा झाल्या की रक्त यंत्रातून धुऊन घ्यावं लागतं, आठवड्यातून तीनदा, आणि दर वेळी चारेक तास खुर्चीत. चुकवून चालत नाही. अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, मग ते पाणी छातीत चढतं. त्यातले पहिले वैरागडे काका. नागपूरचे. इथं फार जुने, मोठे इंजिनियर होते, नेपरव्हिलला घर. ते पुढे माझ्या शेजारी बसायचे आणि मला गाडी चालवायला शिकवायचे. रोज.

"काय करून राहिला बे? सिग्नल हिरवा झाला ना!"

"काका, समोर माणूस चालतोय."

"मग चालू दे ना, तू हळूहळू तर घे!"

दुसऱ्या रोसा मावशी. मेक्सिकोच्या, व्हीलचेअरवर, मुलीकडे राहायच्या. मुलीचं नाव मारिसोल. मी त्यांना पहिल्या दिवसापासून मावशी म्हणत आलो, त्या मला मिहो म्हणतात, म्हणजे त्यांच्याकडचं लेकरा. मी मराठीत बोलतो, त्या स्पॅनिशमध्ये बोलतात, आणि इंग्रजी मध्ये आणली की दोघांचाही घोटाळा होतो.

आता माझी एक खोड. मी दार वाजवत नाही. आमच्या गावाकडे दार वाजवतात ते वसुलीवाले. घरच्या माणसानं रस्त्यावरूनच हाक मारायची, "ओ मावशी! हाय का घरात?" हाक ऐकूनच आतल्याला कळतं कोण आलं, किती घाईत आहे, चहा टाकायचा की नाही. म्हणून मी इथंही गाडी लावली की खाली उतरून हाक द्यायचो. रोसा मावशींना तर ती इतकी सवयीची झाली होती की मी "ओ मा" म्हणेपर्यंत मारिसोल खुर्ची दाराशी आणायची.

पण नेपरव्हिल हे हाक मारायचं गाव नाही. भल्या सकाळी "काकाऽऽ" असं ओरडलो, तर त्यांच्या गल्लीतून आमच्या ऑफिसला तक्रार गेली. आमची डिस्पॅचर डेनीस, म्हणजे जी ऑफिसात बसून सगळ्या गाड्या हलवते, माझ्यावर आईसारखा जीव लावणारी बाई. मला म्हणाली, "बालू, हनी, लोक झोपलेले असतात. सभ्य माणसासारखं दार वाजव." त्याच आठवड्यात कंपनीनं नवे युनिफॉर्म दिले. गडद निळं जाड जॅकेट, निळी टोपी, पाठीवर मोठ्या अक्षरांत ट्रान्सपोर्ट. मी आरशात बघितलं. साहेब दिसत होतो. ताईनं फोटो काढून इस्लामपूरला पाठवला.

आणि हेच ते दिवस, जेव्हा आमच्या भागात इमिग्रेशनच्या धाडी वाढल्या होत्या. रोज कोणाच्या ना कोणाच्या फोनवर व्हिडिओ यायचे. नंबरप्लेट झाकलेल्या गाड्या, जॅकेट घातलेली माणसं. मी स्वतः आता सिटिझन आहे, तरी पासपोर्ट खिशात घेऊन फिरायला लागलो होतो. वैरागडे काकांच्या शर्टाच्या खिशात बीपीच्या गोळीशेजारी पासपोर्ट कार्ड. मी म्हटलं, "काका, तुम्हाला काय भीती? माझ्या जन्माआधीपासून इथं आहात." म्हणाले, "ते कपाळावर लिहिलं आहे काय?"

सोमवारी मी मावशींकडे गेलो आणि सभ्य माणसासारखं दार वाजवलं. टक टक. कोणी नाही. जरा जोरात वाजवलं. आत टीव्ही चालू होता, तो बंद झाला. परत वाजवलं. काही नाही. डेनीसनं मारिसोलला फोन लावला, उचलला नाही. नियम असा की ठराविक वेळ थांबायचं आणि मग टॅब्लेटवर नो शो, म्हणजे पेशंट आलाच नाही, असं दाबून निघायचं. मी दाबलं. मला वाटलं, कुठे बाहेर गेल्या असतील. टीव्ही आपोआप बंद झाला असं मानणारा मी माणूस आहे.

सोमवारी काकांना मी मावशींच्या नंतर घेणार होतो, बुधवारी ते आधीच गाडीत होते. बर्फ पडत होता. मी मावशींच्या गल्लीत गाडी लावली, टोपी घातली, दार उघडून उतरायला लागलो तर काकांनी माझी बाही धरली.

"कुठं चालला?"

"दार वाजवायला."

"सोमवारी वाजवलं होतं?"

"हो, चांगलं जोरात वाजवलं."

काकांनी काचेवर बोट ठोकलं. "बाळू, ही गाडी कोणत्या रंगाची आहे?"

"पांढरी."

"काचा?"

"काळ्या."

"आणि तू काय घालून राहिला? पाठीवर लिहिलंय ट्रान्सपोर्ट. कुठं ट्रान्सपोर्ट करणार ते लिहिलं नाही! अरे बावा, तुला पाहून मीच दार नसतं उघडलं."

मी तिथंच, एक पाय गाडीत, एक पाय बर्फात. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. मावशींकडे ग्रीन कार्ड होतं, मोठ्या मुलानं काढून दिलेलं. मारिसोलची दोन्ही मुलं इथंच जन्मलेली, म्हणजे अमेरिकन. आणि मधली मारिसोल, जी आईला उचलते, मुलांना शाळेत पाठवते, तिच्याकडे कागद नव्हते. दार उघडायचं तिनंच. मावशींना खुर्चीतून दारापर्यंत येणं एकट्यानं जमत नाही. म्हणजे एक सरकारी खातं गाडी पाठवतंय की बाई, ये, तुझं रक्त धुऊन देतो, आणि दुसऱ्या खात्याच्या भीतीनं ती बाई दार लावून बसलीय. दोन्ही खात्यांचा पगार आमच्याच टॅक्समधून. आणि शुक्रवारच्या डायलिसिसनंतर आत मावशींच्या अंगात पाणी चढत होतं.

काका म्हणाले, "ओरड."

"काका, डेनीसनं मना केलंय."

"डेनीसले मी पाहतो. ओरड तू."

मी टोपी काढली, जॅकेट काढलं, स्वेटरवर बर्फात उभा राहिलो आणि कोंबड्यांच्या टेम्पोत असताना लावायचो तसा आवाज लावला. "ओ मावशीऽऽऽ! रोसा मावशीऽऽ! चला, गाडी आलीयऽऽ! मी बाळूऽऽ!"

कुत्री भुंकायला लागली. समोरच्या घरातून एक माणूस बाहेर आला, बघून आत गेला. मी परत ओरडलो. काकांनी काच खाली केली आणि तेही "मावशीऽऽ" करून ओरडले, हे इंजिनियर, ज्यांच्या गल्लीतून माझी तक्रार गेली होती. मग कुठेतरी खिडकीचा पडदा हलला. आणि दार उघडलं. पूर्ण नाही, साखळीपुरतं. मारिसोलचा एक डोळा दिसला.

"बाळू?" ती म्हणाली.

"बाळू!" मी म्हटलं.

"एकटाच?"

मी गाडीकडे बोट केलं. काकांनी आतून नमस्कार केला.

मावशींचे पाय सुजून टम्म झाले होते. चपलेत मावत नव्हते. बोलताना दम लागत होता, तरी मला बघून हसल्या आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी लांबलचक म्हणाल्या. मारिसोल म्हणाली, "ती म्हणतेय, सोमवारी तू होतास कुठे? दारावर कोणीतरी भलतीच माणसं आली होती."

ती भलतीच माणसं म्हणजे मीच.

मारिसोल एरवी आईबरोबर यायची. त्या दिवशी उंबऱ्याबाहेर तिचा पाय निघेना. ब्लँकेट आईच्या अंगावर घातलं, परत काढलं, परत घातलं. मला म्हणाली, "तू तिच्याबरोबर आत जाशील?" ड्रायव्हरनं सेंटरच्या दारापर्यंतच जायचं असतं. मी म्हटलं जाईन.

या सगळ्यात उशीर झाला होता. डायलिसिस सेंटरला खुर्च्या ठरलेल्या असतात. तिथली चार्ज नर्स, म्हणजे त्या वेळची मुख्य नर्स, फिलिपिन्सची, तेरेसा. तिनं मावशींना बघितलं, पटकन ऑक्सिजन तपासला, डॉक्टरला फोन लावला. म्हणाली, डॉक्टर म्हणतात इथंच घ्या, पण आत्ता लगेच, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ. पण खुर्ची एकच उरली होती. तुम्ही आला नाहीत म्हणून दुसरी एका पेशंटला दिली, म्हणाली. खुर्ची एक, पेशंट दोन.

मी काहीतरी बोलणार होतो. काय ते मला माहीत नाही, पण काहीतरी चुकीचंच असणार. तोवर काका म्हणाले, "तिला घ्या. मी दुपारी येतो."

तेरेसा म्हणाली, "मिस्टर वैरागडे, दुपारी आलात तर संपेपर्यंत संध्याकाळ होईल."

"होऊ द्या. तसाही सकाळी तुमच्या टीव्हीवर तो स्वयंपाकाचा शो असतो. आम्हाला काही खायला परवानगी नाही आणि समोर दाखवता चीज."

तेरेसानं त्यांचं वजन आणि बीपी बघितलं, डॉक्टरला परत विचारलं, आणि हो म्हणाली. मी मावशींच्या खुर्चीजवळ उभा राहिलो. यंत्र सुरू झालं. मावशींनी माझं बोट धरून ठेवलं होतं. मला सुयांची भीती वाटते, म्हणून मी डोळे मिटले. तेरेसाला वाटलं मी प्रार्थना करतोय. बिचारी माझ्याशी दिवसभर गोड बोलली.

बाहेर गाडीत काका वाट बघत होते. डेनीसला मी सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल. फोनवर तिच्या कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला. मग म्हणाली, "तुझ्या बाकीच्या फेऱ्या मी दुसऱ्यांना देते. तू तिथंच थांब." वर म्हणाली, "आणि ते जॅकेट कपाटात टाक."

मला काकांचं कौतुक करावंसं वाटलं. म्हटलं, "काका, तुम्ही आज फार मोठं काम केलंत."

"गप बस. दुपारची शिफ्ट बरी. सकाळी तुझं ड्रायव्हिंग पाहून बीपी वाढलेलं असते."

थोड्या वेळानं आपलं आपणच बोलायला लागले. काच पुसत. "मी आलो तेव्हा यांना इंजिनियर पाहिजे होते. बोलावून घेतलं मला. कार्ड काय, पटकन हातात दिलं. दार उघडं होतं बे. मी आत आलो, आणि जन्मभर लोकांना सांगत राहिलो की मी ढकलून उघडलं."

मी गाडीचा हीटर वाढवला. 

दुपारी काकांचंही डायलिसिस झालं, आणि संध्याकाळी मावशींना घरी सोडलं तेव्हा चप्पल अर्धी पायात जात होती. मारिसोल खिडकीत होती. हाक मारायचीही गरज पडली नाही.

त्यानंतर डेनीसनं एक केलं. टॅब्लेटवर प्रत्येक पेशंटच्या नावाखाली ड्रायव्हरसाठी सूचना असते, मागच्या दारानं जा, कुत्रं आहे, असं. मावशींच्या नावाखाली तिनं लिहिलं, दार वाजवू नका, हाक मारा. आणि कशी मारायची तेही लिहिलं. आमच्याकडे एक पोलंडचा ड्रायव्हर आहे, साडेसहा फुटी. माझ्या सुट्टीच्या दिवशी तो त्या गल्लीत उभा राहून "माऊशीऽऽ" म्हणतो. गल्लीतली पोरं आता मावशींना त्याच नावानं हाक मारतात. त्यांना वाटतं, स्पॅनिश आहे.

मग अजून दोन घरांखाली तशीच सूचना आली. मग आणखी. कोणती घरं ते सांगत नाही. वाईट एवढंच वाटतं की जिथं सूचना नाही, तिथल्या किती दारांवर मी तेव्हा टक टक करून नो शो दाबून निघालो असेन, ते मला कळायचा मार्ग नाही.

पण मावशी आहेत. एक दिवस चुकलेला नाही. मारिसोल अजून गाडीत बसत नाही, पण फुटपाथपर्यंत येते, आईचा पट्टा स्वतः तपासते, कारण माझ्यावर तिचा विश्वास नाही. परवा ताईच्या हातची शंकरपाळी दिली तिच्या मुलांना. मावशींना द्यायला गेलो तर काकांनी माझ्या हातावर चापट मारली, "तिचं पथ्य आहे, मूर्खा." मुलांनी खाल्ली आणि इंग्रजीत विचारलं, अजून आहे का?

मी खुशीत होतो. म्हटलं, आता विचारूनच टाकावं. गेले कित्येक महिने मी ताईला, मंडळात, भेटेल त्याला सांगत आलोय की त्या दिवशी माझ्या आवाजातली माया ओळखून त्या बाईनं दार उघडलं. तर मारिसोलच्याच तोंडून ऐकावं. मी विचारलं, "मारिसोल, खरं सांग. एवढी भीती होती, बाहेर पांढरी गाडी, बर्फात धड दिसत नव्हतं. तरी हा आपलाच माणूस आहे, ते लोक नाहीत, हे तुला कशावरून कळलं?"

ती आईचा पट्टा ओढून बघत होती. मान वर न करता म्हणाली, "ते आले असते तर बरोबर घरासमोर उभे राहिले असते. तुम्ही शेजारच्या रिकाम्या घराला हाका मारत होतात."